दुर्मिळ जंगली कंदांचं वेड – अजून कोणाकोणाला आहे?

कंदोबा
नमस्कार मंडळी. बागकाम विभागात गुलाब झाले, जास्वंद झाली, कुंडीतल्या भाज्या तर रोजच्याच, पण कंदांबद्दल कोणी फारसं बोलत नाही आणि बोललंच तर ते भल्यामोठ्या हायब्रिड ट्युलिपबद्दल नाहीतर डबल लिलीबद्दल. मला बोलायचंय मूळ जातींबद्दल. म्हणजे कोणी संकर केलेला नाही, निवड करकरून फूल मोठं केलेलं नाही, डोंगरउतारावर किंवा माळावर जसं उगवतं तसंच. यांना स्पीशीज बल्ब म्हणतात पण त्यात क्रोकस-ग्लॅडिओलसचे कॉर्मही येतात आणि सायक्लामेनचे ट्यूबरही, मी सगळ्यांना सरसकट कंदच म्हणणार आहे, वनस्पतीशास्त्रवाल्यांनी सांभाळून घ्या.

आधीच सांगून ठेवतो, ही फुलं बहुतेक छोटी असतात, लांबून दिसतही नाहीत, गुडघे टेकून बघायचं प्रकरण आहे. मग वेड कशाचं? तर मला वाटतं त्या त्या कंदाला जे वेळापत्रक माहीत असतं त्याचं. मध्य आशियातला ट्युलिप घ्या. हिवाळाभर बर्फाखाली, मग जेमतेम दोनतीन महिन्यांचा वसंत, त्यात पान काढायचं, फुलायचं, बी धरायचं, पुढच्या वर्षाची शिदोरी साठवायची आणि कडक कोरडा उन्हाळा लागायच्या आत जमिनीखाली गुडूप. आपल्याला तो कंद कुंडीत जगवायचा तर ते अख्खं वर्ष कुंडीत आणून द्यावं लागतं. खत-पाणी हा भाग त्यापुढे अगदीच किरकोळ.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे यातले काही आता फक्त बागांमध्येच उरलेत. ट्युलिपा स्प्रेंगेरी तुर्कस्तानात अमास्याच्या आसपास सापडला, 1894 साली त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं गेलं, आणि त्यानंतर तो रानात कोणाला खात्रीने दिसलेला नाही. आज जगात जेवढे आहेत ते सगळे त्या वेळी युरोपात पाठवलेल्या कंदांची पिलावळ. ट्युलिपमध्ये सगळ्यात शेवटी फुलतो, बाकीच्यांचा खेळ आटोपून उन्हाळा लागताना, लाल भडक, आणि बाहेरच्या पाकळ्यांच्या पाठीवर मातकट हिरवट झाक.

माझं म्हणणं एवढंच आहे की असले कंद विकत घेऊन घेऊन जमवण्यात मजा नाही. बी मिळवा, पेरा, वाट बघा, आणि वाढले की वाटून टाका. यावर कोणाचं काय मत? तुमच्याकडे काय काय आहे तेही लिहा.

बागुलबुवा
पहिला! वाट बघा म्हणजे किती वाट? :ड

कंदोबा
@बागुलबुवा, स्प्रेंगेरीला बी पेरल्यापासून फूल यायला चार-पाच वर्षं धरून चाला. बऱ्याच फ्रिटिलारियांचंही तेच. सायक्लामेन दोनतीन वर्षांत फुलतं. वर्सलेया मात्र विचारू नका, ब्राझीलमध्ये रिओजवळच्या डोंगरात धबधब्यांच्या आजूबाजूला उघड्या कातळावर वाढते, निळीजांभळी, पानं कोयत्यासारखी वळलेली, तिच्यासाठी दहाबारा वर्षं काढणारे लोक आहेत आणि इतकं करून फुलेलच याची हमी कोणी देत नाही.

बागुलबुवा
म्हणजे वर्सलेया पेरायची तर मृत्युपत्रात सोय करून ठेवावी लागणार. हलके घ्या.

निशिगंधा_
मस्त धागा कंदोबा! मी दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातले कंद वाढवते, म्हणजे लॅशेनेलिया, मोरिया, इक्सिया, हिमँथस, आणि जागा उरली की जे मिळेल ते, आणि जागा कधीच उरत नाही हा भाग वेगळा. तुमचं वेळापत्रकाचं म्हणणं शंभर टक्के पटलं कारण केपमध्येच दोन वेळापत्रकं आहेत. पश्चिमेकडे पाऊस हिवाळ्यात, पूर्वेकडे उन्हाळ्यात. नवीन माणसं दक्षिण आफ्रिकेचा कंद म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजतात आणि हिवाळी पावसाच्या मोरियाला भर उन्हाळ्यात पाणी घालत बसतात, तो बिचारा झोपलेला असतो, कुजतो. कंद हातात आला की नाव बघायच्या आधी मी विचारते याच्या घरी पाऊस कधी पडतो. हे एक कळलं की अर्धं काम झालं.

मॅसोनिया डिप्रेसाबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं म्हणून मीच लिहिते. दोनच पानं, जाडजूड, जमिनीला अक्षरशः चिकटून पसरलेली, आणि मधोमध बुटका फुलांचा गुच्छ, देठ जवळजवळ नाहीच. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की कोणीतरी पाय दिलाय. वास यीस्टसारखा येतो. फुलात मध असतो तो पातळ नाही, जेलीसारखा घट्ट, काडीने उचलला तर गोळा तसाच वर येतो. कारण याचं परागीभवन मधमाशा नाही, जर्बिल नावाचे छोटे उंदीर करतात, रात्री येऊन ती जेली चाटतात आणि नाकाला पराग लावून पुढच्या झाडावर जातात. उंदरांच्या तोंडाची उंची बघून फूल जमिनीवर ठेवलंय! माझ्याकडे रंगाचा ब्रश ते काम करतो.

मातीमोल
+१. मॅसोनिया भारीच. पण जेथिलिस राहिलंच की निशिगंधाताई. भर उन्हाळ्यात, पान एकही नाही, माती ठणठणीत कोरडी, आणि एक दिवस सरळ मातीतून पांढरं फूल. बीजकोश जमिनीखालीच राहतो, काही महिन्यांनी तिथून लांबुळकं फळ वर येतं आणि त्याचा सुगंध इतका की पूर्वी तिकडची लोकं कपड्यांच्या कपाटात ठेवायची. कुकुमाक्रांका म्हणतात त्याला.

निशिगंधा_
जेथिलिसचं नाव काढू नका, माझी पानं दरवर्षी छान मळसूत्रासारखी वळतात आणि फुलाचं नाव नाही. माझ्या मते त्याला उन्हाळ्यात पुरेसं तापायला मिळत नाही. कोणी फुलवलंय का इथे?

मातीमोल
कुंडी सावलीत ठेवताय का सुप्तावस्थेत? पाणी बंद केलं की लोक कुंडी उचलून कोपऱ्यात ठेवतात, तिथे ती कोरडी राहते पण थंड राहते. बऱ्याच कंदांना ती धग लागते, आतल्या आत पुढचं फूल तेव्हाच तयार होत असतं. कुंडी उन्हातच ठेवा, फक्त वाळूत गळ्यापर्यंत पुरून म्हणजे कडेने भाजून निघणार नाही.

नवशिकी
वाचतेय. खूप छान माहिती. मी अगदीच नवीन आहे त्यामुळे बाळबोध प्रश्न विचारते, हसू नका. माझ्याकडे एका मैत्रिणीने दिलेला लॅशेनेलिया आहे, फुलून गेला, आता पानं टोकाकडून पिवळी पडायला लागलीयेत. पाणी वाढवू का? खत देऊ का?

निशिगंधा_
नाही नाही नाही! पाणी वाढवू नकोस. तो झोपायला निघालाय. पानं पिवळी पडतायत म्हणजे त्यातला सगळा ऐवज खाली कंदात उतरतोय, आता हळूहळू पाणी कमी कर, पानं पूर्ण वाळू दे, हिरवी असताना कापू नकोस आणि गाठीही मारू नकोस, काही लोक नीटनेटकं दिसावं म्हणून पानांच्या वेण्या घालतात त्यांना माझा नमस्कार. पानं सहज हातात आली की पाणी पूर्ण बंद. मग हवा पुन्हा गार व्हायला लागेपर्यंत कुंडीकडे बघायचंसुद्धा नाही. खत द्यायचं ते पानं जोमात असताना, नत्र कमी आणि पालाश जास्त असं, तेही पातळ करून.

नवशिकी
बापरे बरं झालं विचारलं. धन्यवाद ताई!

वाळूघड्याळ
कंदोबांना बियांबद्दल पूर्ण अनुमोदन, पण पेरायचं कसं ते कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, ज्याला उपयोगी पडेल त्याने घ्या.

ट्युलिप, फ्रिटिलारिया, लिली यांचं बी चपटं असतं, बोंडात चळतीने रचलेलं. एकेक बी उजेडासमोर धरा. मधोमध बारीक काडीसारखी सावली दिसली तर आत गर्भ आहे, नुसतं पारदर्शक कागदासारखं दिसलं तर पोकळ, फेकून द्या. पाकीटभर बी मिळालं म्हणून हुरळून जाणाऱ्यांचं निम्मं पाकीट असं निघतं. मग माती. निम्मी खडबडीत, म्हणजे जाड वाळू, बारीक खडी, प्युमिस हा हलका सच्छिद्र दगड, जे मिळेल ते. बांधकामाची बारीक वाळू नको, ती सिमेंटसारखी बसते. वरून बारीक खडीचा थर, म्हणजे पाणी घातल्यावर बी उडत नाही आणि शेवाळही धरत नाही.

थंड प्रदेशातल्यांना ओल्या गारठ्याचे दोनतीन महिने लागतात, साधारण 4-5 अंश. बाहेर हिवाळा तेवढा नसेल तर ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरणारं हलकं खनिज) बी मिसळून पिशवीत घालून फ्रिजमध्ये. काही लिलींची वेगळीच तऱ्हा, मार्टॅगॉनला आधी ऊब लागते, त्यात जमिनीखाली इवलासा कंद होतो, मग थंडी, आणि पान त्यानंतर. पेरणारा समजतो की उगवलंच नाही आणि कुंडी उपडी करतो. सायक्लामेनला अंधार लागतो.

पहिल्या वर्षी येतं एकच पान, दोऱ्याएवढं, गवत समजून उपटू नका. त्या पानाला जितके दिवस हिरवं ठेवाल तितकं चांगलं. वर्षाअखेरीला खाली जेमतेम दाणा असतो, म्हणून पहिली दोन वर्षं कुंडी हलवायचीच नाही.

आणि हो, खोल कुंडी घ्या. ट्युलिपचं रोप दरवर्षी एक नळीसारखा फुटवा सरळ खाली सोडतं आणि त्याच्या टोकाला नवा कंद करतं, जुना वरचा संपतो. पाचसहा इंच कुंडी असली की हा खाली जात जात तळाच्या भोकापाशी जाऊन बसतो, कधीकधी बाहेरही पडतो. बाकीच्या बऱ्याच कंदांना आकसणारी मुळं असतात, ती आखडून कंदाला खाली ओढतात, क्रोकस वर पेरला तरी आपली खोली आपण गाठतो.

कंदोबा
@वाळूघड्याळ, वाचनखूण साठवली! उजेडात धरायची युक्ती तर प्रत्येकाने करावी. यात एकच भर, हे सगळं कोरड्या बियांचं झालं. क्रायनम, नरिने, हिमँथस, ब्रन्सविगिया या मंडळींचं बी मांसल आणि जिवंत असतं, ते थांबतच नाही. क्रायनमचं बी नुसतं फळीवर ठेवलं, माती नाही, पाणी नाही, तरी त्यातून कोंब बाहेर येतो आणि शेवटी त्याला इवला कंदही धरतो. असलं बी पाकिटात बंद करून ड्रॉवरमध्ये टाकलं की गेलं. आलं की त्याच दिवशी वाळूवर ठेवायचं, हलकंसं दाबायचं, पुरायचं नाही.

उगाचच
मी जरा वेगळा सूर लावतो. तुम्ही सगळे बी बी करताय पण पाच वर्षं एका दोऱ्याकडे बघत बसायला सगळ्यांकडे वेळ आणि जागा नसते. तयार कंद मिळतात, घ्यावे, लावावे, पुढच्या मोसमात फूल बघावं. यात कमीपणा काय आहे? बियांचा हट्ट मला थोडा आपण किती अस्सल हे दाखवण्यासाठीचा वाटतो. राग मानू नका.

कंदोबा
राग अजिबात नाही. तयार कंद घेण्यात कमीपणा नाहीच, मीही घेतो. पण बियांमागे हट्टापलीकडची कारणं आहेत.

एक म्हणजे विषाणू. ट्युलिपच्या पाकळीवर जे सुंदर फराटे उमटायचे ते विषाणूमुळे, हे 1928 मध्ये डोरोथी केली यांनी दाखवलं, आणि तो विषाणू मावा पसरवतो. कंदाला एकदा लागला की त्याच्या प्रत्येक पिल्लात जातो, औषध नाही. पण तो बियांतून सहसा जात नाही. म्हणजे आजारी आईपासूनसुद्धा बियांवाटे निरोगी पिढी मिळवता येते. जुन्या दुर्मिळ संग्रहांत हा प्रश्न फार मोठा आहे, एकच कंद पन्नास जणांनी पिल्लं काढकाढून वाटलेला असतो आणि सगळ्यांकडे तोच रोग.

दुसरं, गोलार्ध. दक्षिण गोलार्धातून आलेला कंद उत्तरेत लावला की त्याचं कॅलेंडर सहा महिन्यांनी उलटं पडतं, भलत्याच ऋतूत पान काढतो, एखाददोन वर्षं रडतो, कधी मरतो. बियाला हा त्रास नाही, जिथे उगवेल तिथलाच ऋतू त्याचा.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं, तयार कंद आला कुठून? दुर्मिळ जातीचा फुलण्याजोगा मोठा कंद स्वस्तात आणि भरपूर मिळत असेल तर तो कोणीतरी वर्षानुवर्षं वाढवलेला असण्यापेक्षा कोणीतरी डोंगरातून खणलेला असण्याची शक्यता जास्त.

उगाचच
तिसरा मुद्दा मान्य. पण विकत घेणाऱ्याला कळणार कसं?

निशिगंधा_
बघून बरंच कळतं. नर्सरीत वाढवलेले कंद साधारण एका मापाचे, गुळगुळीत, स्वच्छ. खणलेले असतात ते लहानमोठे, वेडेवाकडे, दगडाच्या फटीत वाढल्यासारखे एका बाजूने चपटे, जुन्या जखमा, फावड्याचा घाव, सालींच्या मध्ये भलत्याच रंगाची माती किंवा खडे. सायक्लामेनचा जुना ट्यूबर तर लगेच ओळखू येतो, पुरीएवढा नि खवल्याखवल्यांचा. आणि विक्रेत्याला सरळ विचारायचं की बियांपासून का पिल्लांपासून, किती वर्षांचा. वाढवणारा माणूस या प्रश्नाने खूष होतो, अर्धा तास बोलतो. दुसरा विषय बदलतो.

कंदोबा
1980 च्या दशकात तुर्कस्तानातून स्नोड्रॉप, सायक्लामेन वगैरेंचे कंद रानातून खणून लाखोंनी बाहेर जायचे आणि घेणाऱ्याला पत्ताही नसायचा की आपण लावतोय तो कंद डोंगरातून आलाय. आता गॅलँथस म्हणजे स्नोड्रॉप, सायक्लामेन आणि स्टर्नबर्गिया हे तिन्ही साइटिस कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये आहेत, म्हणजे देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. बागेतल्या रोपालाही लागतो, हे बऱ्याच हौशी लोकांना माहीत नसतं.

बागुलबुवा
अवांतर: स्नोड्रॉपमध्ये गॅलँटामिन असतं ना, अल्झायमरच्या औषधातलं? म्हणजे पेरल्याचं विसरलो तरी इलाज कुंडीतच.

मातीमोल
खिक्क. असतं, पण स्नोड्रॉपमध्येच पहिल्यांदा सापडलं असलं तरी चघळायला जाऊ नका. या कुळातले बहुतेक कंद विषारी असतात. बूफोने या कंदाचा रस तर दक्षिण आफ्रिकेतले सान आदिवासी बाणांना लावायचे. कोल्चिकमही तसंच, क्रोकससारखं दिसतं पण पुंकेसर मोजा, क्रोकसला तीन आणि कोल्चिकमला सहा. घरात लहान मुलं किंवा खोडकर मांजर असेल तर कंद चाळायला पेपरवर पसरून ठेवून उठू नका. कंद हाताळताना हातमोजे, हायसिंथने तर हाताला खाजही सुटते.

आता मुख्य विषयावर थोडं कडू बोलतो. कंदोबांचा सूर असा येतोय की आपण बागेत वाढवतोय म्हणजे जात वाचवतोय. हे इतकं सरळ नाही. एक तर बागेतला साठा मोजक्या कंदांवरून आलेला असतो, आनुवंशिक वैविध्य फार थोडं. दुसरं, एकाच बाकावर पाच मोरिया शेजारीशेजारी फुलल्या आणि मधमाशी येऊन गेली की त्या बियांतून काय उगवेल याचा भरवसा नाही, पाकिटावर मात्र शुद्ध जातीचं नाव. अशा संकरांच्या पिढ्या फिरत राहतात आणि दहा वर्षांनी मूळ जात कशी होती हेच कोणाला ठाऊक नसतं. तिसरं, मूळ ठिकाण माहीत नसलेला कंद परत रानात लावायला कोणी घेणार नाही, घेऊही नये. जात वाचते ती तिची जागा वाचली तर. बाकी आपला छंद आहे, छंद म्हणून करू.

उगाचच
हेच म्हणायचं होतं मला, नीट म्हणता आलं नव्हतं.

कंदोबा
मातीमोल, मुद्दे बरोबर आहेत आणि संकराचा तर फारच बरोबर. पण छंदच आहे म्हणून झटकून टाकणं मला नाही पटत. टेकोफिलिया सायानोक्रोकस घ्या, चिलीचा निळा क्रोकस. खणाखणी आणि गुरांची चराई यांनी रानातून संपला असंच सगळे धरून चालले होते, कित्येक वर्षं. मग 2001 मध्ये सांतियागोजवळ पुन्हा सापडला. मधल्या काळात तो निळा रंग बघायचा तर बागांमध्येच बघायला मिळत होता, आणि बागांतून मुबलक वाढत होता म्हणून रानातला शोधून खणायची गरजही उरली नव्हती. हा दुसरा भाग लोक विसरतात. वाढवलेला कंद सहज मिळायला लागला की खणणाऱ्याचं गिऱ्हाईक कमी होतं.

आणि जागा वाचली पाहिजे हे तर आहेच, पण स्प्रेंगेरीच्या बाबतीत जागा कुठली वाचवणार? तो रानात सापडतच नाही.

मातीमोल
स्प्रेंगेरीचं मान्य. अपवाद आहे.

निशिगंधा_
मला इथे एक सांगायचंय. बियाणे पेढ्या आहेत ना, इंग्लंडमधल्या क्यू वनस्पती उद्यानाची मिलेनियम सीड बँक वगैरे, तिथे बी वाळवून उणे 20 अंशाला ठेवतात, आणि ट्युलिप-क्रोकससारख्या कोरड्या बियांना ते चालतं. पण वर कंदोबांनी लिहिलेली ती मांसल बियांची मंडळी, क्रायनम, नरिने, ब्रन्सविगिया, हिमँथस, यांचं बी वाळवलं की मरतं. त्यामुळे त्यांना पेढीत ठेवताच येत नाही अशा पद्धतीने. ती जिवंत ठेवायची तर रानात, नाहीतर कोणाच्या तरी कुंडीत. तेव्हा मातीमोल, कुंडीवाल्यांना अगदीच मोडीत काढू नका.

मातीमोल
हा मुद्दा मात्र बिनतोड. मागे घेतो, अर्धं. पण मग त्या कुंडीवाल्यांनी पाट्या नीट लावाव्यात आणि बी धरताना ब्रशने परागीभवन करून फुलावर जाळीची पिशवी बांधावी, एवढी अट.

कंदोबा
अट मंजूर. पाटीवर जातीचं नाव, बी कोणाकडून आलं, मूळ ठिकाण आणि रानातून गोळा करणाऱ्याने दिलेला नोंद क्रमांक असेल तर तो, आणि पेरल्याचं साल. नाव एकदा चुकलं तरी फूल बघून दुरुस्त करता येतं, ठिकाण हरवलं की हरवलं. आणि पेन्सिलीने लिहा! मार्कर कितीही पर्मनंट म्हणवून घेत असला तरी उन्हात उडतो, पेन्सिल राहते. एक पाटी वर आणि एक कुंडीत मातीखाली, कारण वरची पाटी पक्षी उपटतात, मांजर उपटतं, पाहुण्यांची मुलं तर सगळ्या पाट्या गोळा करून एकत्र आणून देतात.

बागुलबुवा
पाहुण्यांची मुलं +१०००

वाळूघड्याळ
पिल्लं न देणाऱ्या कंदांसाठी अजून एक वाट आहे. कंद उभा चिरून आठ-सोळा फोडी करायच्या, प्रत्येक फोडीला बुडाच्या चकतीचा तुकडा राहिलाच पाहिजे नाहीतर काही होत नाही. बुरशीनाशकात बुडवून ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये, पिशवी फुगवून बांधून, 20 अंशाच्या आसपास अंधारात तीनेक महिने. कंदाच्या सालपटांच्या मध्ये, चकतीला लागून, पांढरे मोत्याएवढे कंद धरतात. स्नोड्रॉप, नार्सिसस, हिप्पीस्ट्रम यांना छान जमतं. सुरी प्रत्येक कंदानंतर स्पिरिटने पुसायची, नाहीतर एकाचा विषाणू सगळ्यांना. सायक्लामेनला हे चालत नाही, त्याला बी हाच रस्ता.

नवशिकी
सायक्लामेनचं बी कधी काढायचं? माझ्याकडे ते पण आहे, फूल गेल्यावर देठ स्प्रिंगसारखा गुंडाळला गेलाय, मला वाटलं रोग आहे.

कंदोबा
रोग नाही, ती बी धरल्याची खूण आहे. बहुतेक जातींत देठ असा गुंडाळून बोंड मातीजवळ आणतो, दुकानात मिळणाऱ्या मोठ्या सायक्लामेनची मूळ जात पर्सिकम, तिचा गुंडाळत नाही, नुसता वाकतो. म्हणजे तुझ्याकडे बहुधा हेडेरिफोलियम किंवा कौम असेल, चांगली गोष्ट आहे. बोंड महिनोन्महिने पिकतं, मऊ पडून तडकायला लागलं की काढ. उशीर केलास तर मुंग्या नेतील, बियांवर गोडसर थर असतो तो त्यांना हवा असतो, तो खाऊन बी टाकून देतात आणि मग भलत्याच कुंडीत सायक्लामेन उगवतं. ताजं असतानाच पेर. सुरुवात करायला याच्याइतकं सोपं आणि जंगली काही नाही.

उगाचच
सोपी म्हणावी अशी अजून कुठली? पाच वर्षांवाली नकोत.

निशिगंधा_
उबदार हवा असेल तर झेफिरँथस आणि हॅब्रँथसच्या मूळ जाती, ताजं बी भराभर उगवतं, चांगलं वाढवलं तर दुसऱ्याच मोसमात फूल, आणि कोरडं ठेवून एकदम पाणी दिलं की काही दिवसांत फुलतात. थंड हिवाळा असेल तर ट्युलिपा क्लुसियाना, क्रोकस टोमासिनियानस, हे पसरतातसुद्धा. मधलं हवामान, दव गोठत नाही असं, तर लॅशेनेलिया, बियांपासून दोनतीन वर्षं. हिरवानिळा लॅशेनेलिया विरिडिफ्लोरा बघितला की परत हायब्रिडकडे जाणार नाहीस, आणि रानात तो धोक्यात आहे तेव्हा बियांचाच घे.

सिरटँथस व्हेंट्रिकोससच्या वाटेला मात्र सध्या जाऊ नकोस. वणवा लागून गेला की पंधरवड्याच्या आत राखेतून लाल फुलं काढतो, धूर लागल्याशिवाय ढिम्म. लोक कुंडीवर धूर करून बघतात, कधी फुलतो कधी नाही.

बागुलबुवा
शेजारी अग्निशमन दलाला बोलावतील ते वेगळंच. जाता जाता, इंग्लंडमध्ये ते बोल्स नावाचे गृहस्थ होते ना, क्रोकसवाले, 1865 ते 1954, मिडलटन हाऊसमध्ये. त्यांनी बागेत विचित्र झाडांसाठी वेगळा कोपरा केला होता आणि त्याला चक्क वेड्यांचं इस्पितळ म्हणायचे. या धाग्याचं नाव तेच ठेवा.

उगाचच
:ड :ड चला मान्य, एक कुंडी पेरून बघतो. हॅब्रँथसचं ताजं बी कोणाकडे आहे?

वाळूघड्याळ
माझ्याकडे आत्ताच बोंडं तडकतायत. कागदाच्या पाकिटात पाठवतो, प्लॅस्टिकमध्ये बुरशी लागते. देशाबाहेर असाल तर आधी तुमच्याकडचे आयातीचे नियम बघा, बऱ्याच ठिकाणी आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बी घेत नाहीत. अल्पाइन गार्डन सोसायटी, स्कॉटिश रॉक गार्डन क्लब, पॅसिफिक बल्ब सोसायटी यांच्या सभासदांसाठी बियांची अदलाबदल चालते, ज्यांना पुढे शिरायचंय त्यांनी तिथे बघा, याद्या वाचण्यातच रात्र जाते.

नवशिकी
माझ्या सायक्लामेनचं बी धरलं की मीही देईन, पहिल्यांदाच देणार आहे :) अजून कोणाला हवं असेल तर आत्ताच सांगा.

मातीमोल
मला. पाटीवर जात लिहून, आणि शेजारी अजून कुठलं सायक्लामेन फुललं होतं का तेही लिहून.

उगाचच
@वाळूघड्याळ, व्यक्तिगत निरोप केलाय.